सहा मायक्रॉनचा मत्सर

गणपती गेले की आमच्या घणसोलीत लोखंडाला घाम फुटतो. पाऊस थकलेला असतो, ऊन मात्र सुट्टीवरून परतल्यासारखं ताजंतवानं असतं, आणि खाडीवरचा वारा इतका चिकट की सकाळी वाळत घातलेली चादर दुपारी काढायला जावं तर जास्तच जड लागते. खिडकीच्या गजांवर, कडीकोयंड्यांवर, सायकलच्या साखळीवर एका रात्रीत तांबूस लव उगवते. लोक कॅलेंडर बघून भाद्रपद संपत आल्याचं सांगतात. मी गज बघून सांगते.

याच दिवसांत नाक्यावर नवे अप्रेंटिस दिसायला लागतात. ओळखायला सोपे. निळ्या युनिफॉर्मवरच्या दुकानातल्या घड्या अजून मोडलेल्या नसतात आणि पायांतले सेफ्टी शूज घालणाऱ्यापेक्षा जास्त बोलत असतात. यंदा त्यांत आमच्या माडीवर भाड्याने राहणारी तेजल आहे. परवा जिन्यात भेटली.

"काकू, मला मशीन शॉप मिळालं! सीएनसीवर!"

असं म्हणून तिने दोन्ही हात पुढे केले, जणू नोकरी तळहातावरच ठेवलेली होती. मी ते हात बघितले. कोरडे. अशा हवेत, जिना चढून आल्यावरही ठणठणीत कोरडे. मी तोंडाने "वा गं वा" म्हटलं. पोटात मात्र जळले. चांगली चुलीसारखी जळले.

मत्सराची लोक लाज बाळगतात. मला नाही वाटत. तुम्ही नुसता केलेला असेल, मी तो मोजलेला आहे. हो, मायक्रोमीटर लावून. किती भरला ते सांगते, पण आधी माझे हात बघा.

माझ्या हातांनी लोखंड गंजतं. ही अलंकारिक भाषा नव्हे. काही माणसांच्या घामातच असं काही असतं की घासून पुसून आरशासारख्या केलेल्या पोलादावर त्यांनी बोट ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी तिथे त्या बोटाचा तपकिरी ठसा उमटतो. रेघा, वळसे, सगळ्यासकट. शंभरात एखादा हात असा निघतो. आमच्या बॅचमध्ये तर शंभर माणसंही नव्हती. दोन मुली होत्या. त्यांतली एक मी, आणि दुसरी शुभदा.

तळोज्याच्या एका टूलरूममध्ये आम्ही दोघी एकाच सकाळी दाखल झालो, अशाच भाद्रपदात. टूलरूम म्हणजे जिथे साचे आणि हत्यारं बनतात ती जागा, कारखान्याच्या पोटातला देवघराचा कोपरा म्हणा. नावड्याच्या पुढे बस वळली की केमिकलचा आंबूस वास नाकात शिरायचा, आणि आत पाऊल टाकलं की त्यावर मशीन गार ठेवणाऱ्या कुलंटचा, विटलेल्या ताकासारखा. आजही कुठे ताक विटलं की मी अठरा वर्षांची होते.

पहिले दोन महिने मशीनला हात लावायचा नव्हता. हातात एक कानस, पुढे व्हाइसच्या जबड्यात पकडलेला लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा, आणि मागे दळवी मास्तर. ठोकळा घासून चौकोनी करायचा. इतकंच. दिवसभर घासायचं, मास्तर संध्याकाळी त्याला गुण्या लावून उजेडाकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला की ठोकळा परत हातात.

"काय गो, यातून सूर्य उगवताहा," ते मला म्हणायचे. मास्तर मालवणकडचे. रागावले की मालवणी आणि खूश झाले तरी मालवणी, त्यामुळे सूर ओळखावा लागे.

शुभदाच्या ठोकळ्यातून उजेड येत नसे. पंधराव्या दिवसापासूनच नाही. मास्तरांनी तो तीनदा फिरवला, डोळे बारीक केले, आणि एक अक्षर न बोलता तिला दुसरा ठोकळा दिला. मला त्यांच्या त्या गप्प राहण्याचा इतका हेवा वाटला की डब्यातली भाकर तशीच घरी परत नेली.

हेव्याची तर यादीच होती. ती बेलापूरच्या फ्लॅटमध्ये राहायची. वडील सरकारी कचेरीत. मूळचे साताऱ्याकडचे. बसमध्ये बेलापूरला चढायची तेव्हा वेणीतला एक केस इकडचा तिकडे नसायचा. घणसोलीहून चढलेली मी तोवर भिजल्या बोळ्यासारखी झालेली. तिच्या डब्यात पोळीच्या घड्या अशा, की मास्तरांनी गुण्या लावावा. तिच्या वहीतले आकडे छापल्यासारखे. आणि हात! पिठीत घोळवून काढल्यासारखे कोरडे. पोलादाला ती अशी धरायची की वाटावं, पोलादच तिच्या बोटांना टेकलंय.

माझ्या ठोकळ्यावर मात्र रोज सकाळी माझी पाचही बोटं हजर. पोरं हसायची. "रंजना, तुला हजेरीला सहीची गरज नाय, जॉबवर उमटतेस." मास्तर हसायचे नाहीत. ते काळजीने बघायचे, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

घरी आईपुढे रडले. आई तिखट कुटत होती. मान वर न करता म्हणाली, "मिठागरान जल्म गेलेली मानसां आपली. आजा गेला, आजी गेली. आंगान मीठ हाय ता हातान येनारच. रडतेस कनाला?" म्हणजे पिढ्यान् पिढ्या मीठ पिकवलेल्या घराचा मला हा वारसा. इतरांना जमिनी मिळाल्या.

आता खरी गोष्ट. कारखान्यात एक खोली होती. काचेची भिंत, दुहेरी दार, आत एसी बारा महिने वीस अंशांवर. तिथे तयार माल मोजला जायचा. काळ्या ग्रॅनाइटची भलीमोठी लादी, मखमलीच्या पेटीत झोपलेली मापं, आणि पांढऱ्या कोटातली दोन माणसं जी कधीच घाईत नसत. त्या वर्षी तिथे एका अप्रेंटिसची जागा होती. एकाच.

मला ती जागा हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. का हवी होती, हे फक्त मला आणि मास्तरांना. त्या कोरड्या गारव्यात मला घाम येत नसे. एकदा निरोप घेऊन आत गेले होते आणि मुद्दाम एका टाकाऊ तुकड्यावर अंगठा दाबून आले होते. दुसऱ्या दिवशी काही निमित्ताने परत जाऊन बघितलं. स्वच्छ! उभ्या नवी मुंबईत माझ्या हातांना माणसात घेणारी तेवढीच एक खोली होती. बाहेर राहिले, तर बारीक काम मला कुणी देणार नव्हतं. मला बारीक कामच करायचं होतं.

शुभदाचं काय, तिला कुठेही चाललं असतं. चुलीशेजारी बसवली असती तरी तिचं पोलाद चकाकलं असतं. हे मी स्वतःला रोज सांगायचे. मत्सराला न्यायाचा सदरा घातला की तो फार रुबाबदार दिसतो.

निवड करायची मास्तरांची स्वतःची पद्धत होती. त्यांच्याकडे मनगट जाईल एवढ्या भोकाची पोलादी कडी होती. प्रत्येकाला एक पिन मिळायची, म्हणजे मनगटाएवढा जाड दांडा, कडीत जाणार नाही इतपत किंचित जास्त जाड. वरची जास्तीची जाडी हाताने, बारीक पेस्ट लावून, गोल घासत उतरवायची. मग सकाळी सगळ्यांसमोर मास्तर पिन कडीच्या तोंडावर ठेवून हात काढून घेत. पिन धपकन पडली, तर जास्त घासली. अडकली, तर कमी. बरोबर असली तर ती स्वतःच्या वजनाने, आतली हवा हळूहळू बाहेर ढकलत, इतकी सावकाश उतरायची की बघणाऱ्याने श्वास धरावा. मास्तर त्याला डुबकी म्हणत. डुबकी घेईल त्याची खोली.

आणि मोजायचाही एक रिवाज होता. घासून पिन तापते. तापलेलं लोखंड फुगतं. फुगलेलं मोजलं तर माप खोटं. म्हणून पिन, मायक्रोमीटर, आणि मायक्रोमीटरचा शून्य लावून घ्यायचा तो पन्नास मिलिमीटरचा सेटिंग रॉड, अशा तिघांना गार दगडी लादीवर अर्धा तास शेजारी शेजारी ठेवायचं. "लोखंडाक दम खावंदे," मास्तर म्हणत. तिघांचा ताप एक झाला की मग मोजायचं. रॉडला उघड्या हाताने शिवायचं नाही, चामड्याच्या तुकड्यात धरायचं. का, ते त्यांनी वर्गात दाखवलंही होतं. रॉड पाच मिनिटं मुठीत धरला, मग मोजला, आणि आकडा सरकलेला आम्ही सगळ्यांनी बघितला. "बघा," ते म्हणाले होते, "माणसाची नुसती मूठ पोलाद वाढवता."

शुभदाने ते वहीत लिहून घेतलं. मी डोक्यात ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी ऊन असं होतं की पत्र्याचं छप्पर कडकडत होतं. दुपारपर्यंत आमच्या दोघींच्याच पिना शेवटाला आल्या. पिन, मायक्रोमीटर, रॉड अशी आमची त्रिकुटं लादीवर निजवली, आणि अर्ध्या तासासाठी सगळे चहाला गेले. चहा अर्धा टाकून मी लवकर परत फिरले. रुमाल विसरला, म्हटलं.

पंख्याची घरघर तेवढी होती. मी शुभदाचा रॉड उचलला. चामड्यातून ऊब जात नाही, म्हणून उघड्या हाताने. मूठ मिटली. आणि तुम्हाला सांगते, आयुष्यात इतकी मन लावून मी कधी प्रार्थनाही केलेली नाही. तिच्या पोळ्यांच्या घड्या आठवल्या, वेणी आठवली, मास्तरांचं गप्प राहणं आठवलं. हात आपोआप तापत गेला. चहाचे ग्लास वाजायला लागले तेव्हा रॉड जागेवर ठेवला, तिने ठेवला होता तसाच, जरासा तिरका.

शुभदा आली. चामड्यात रॉड धरून तिने शून्य लावला, पिन मोजली, दोन फेरे घासली, परत विसावा दिला, परत मोजली. पण शून्य पुन्हा लावला नाही. कशाला लावेल? आणि म्हणाली, "मास्तर, झालं."

"हात काढ," मास्तर म्हणाले. नियमच होता. एकदा झालं म्हटलं की सकाळपर्यंत लादीवरच्या कशाला कुणी शिवायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही.

सकाळी सगळं टूलरूम जमलं. माझी पिन आधी. मास्तरांनी हात काढला. ती क्षणभर थांबली आणि मग उतरायला लागली, म्हैस तळ्यात उतरते तशी, जडपणे, तृप्त. कुणीतरी शिट्टी मारली. शुभदाची पिन कडीच्या तोंडावर बसली ती बसलीच. मास्तरांनी बोटाने टिचकी मारली. नाही.

शुभदाचा चेहरा पांढरा झाला. "मी दोनदा मोजली होती," ती हळू म्हणाली, आमच्याशी नाही, पिनेशी. माझ्या आत ढोल-ताशे वाजत होते. मी चेहऱ्यावर सांत्वन आणलं. मला ते छान जमतं.

मग मास्तर लादीवरचं सामान उचलायला वळले आणि तिथेच थांबले. शुभदाच्या रॉडवर चार तपकिरी बोटं होती. शेजारी पाचवा, अंगठा. रेघा इतक्या स्वच्छ की तलाठ्याच्या कागदावर चालला असता.

कुणाची, हे विचारायचं काय होतं? सगळं टूलरूम ती सही रोज बघत होतं.

मास्तरांनी रॉड उजेडाकडे धरला. "मेलो हो. गंजान खाल्लो. आता ह्याचा माप परत येवचा नाय." मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, "चोरी करूक पण सुको हात लागता गो."

जमीन दुभंगावी वगैरे मला वाटलं असतं. पण तेवढ्यात शुभदा पुढे आली. मला वाटलं, मारते. तिने माझा रॉड उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"धर."

"काय?"

"मुठीत धर. काल धरलास तसा. किती वेळ धरलेलास?"

"पाच... सात मिनिटं."

"मग सात मिनिटं धर की."

सगळ्यांसमोर मी सात मिनिटं मूठ मिटून उभी राहिले. तिने घड्याळ बघितलं, रॉड चामड्यात घेतला, कालसारखाच शून्य लावला. रॉड निवल्यावर परत मोजला. वहीत आकडा लिहिला. मग पिन मोजली, कडी मोजली, आणि तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, दिवा लावल्यासारखा.

"सहा मायक्रॉन! मास्तर, सहाच! म्हणजे माझी मोजणी बरोबर होती. शून्यच सहाने सरकलेला होता. बघा की, तंतोतंत बसतंय!"

केसाचे सत्तर उभे काप करा. त्यांतले सहा. माझा मत्सर एवढा भरला. मला वाटत होतं डोंगराएवढा असेल.

आणि तिला आनंद झाला होता हो! माझ्या पापाचा तिला हिशोब लागला म्हणून ती नाचायची बाकी होती. मी तिथे उभी राहून तिच्या त्या आनंदावरही जळले. हरल्यावर असं हरता येणं, हे कुठला कारखाना शिकवतो?

मास्तरांनी तिला पिन परत घासायला दिली. दुपारपर्यंत सहा मायक्रॉन गेले, डुबकी झाली, खोली तिची झाली. मला मोठ्या लेथवर पाठवलं, जिथे तेलाच्या धारेखाली ओबडधोबड काम चालतं आणि कुणाच्या हाताला कसला घाम येतो याची लोखंडाला फिकीर नसते.

त्या संध्याकाळी बसमध्ये ती नेहमीसारखी माझ्या शेजारीच बसली. बेलापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. उतरताना म्हणाली, "मला तुझा राग आलाय. सोमवारपर्यंत बोलू नकोस."

सोमवारी तिने मला डब्यातली पोळी दिली. रागसुद्धा मापून घेतला होता बाईने, आणि वापरून झाल्यावर पुसून पेटीत ठेवला होता. मी हिंमत केली. "शुभदा, तुला कुठेही चाललं असतं गं. मला तीच खोली पाहिजे होती."

"माहितेय," ती म्हणाली. "पण मलाही तीच पाहिजे होती."

इतकं साधं होतं ते. तिचीही ती इच्छा असेल, असं मला तोवर एकदाही सुचलं नव्हतं. मला वाटायचं, ज्यांना जमतं त्यांना नुसतं जमतं. त्यांना काही हवं असत नाही.

पुढची तीन वर्षं मी काचेबाहेरून तिला बघितलं. पांढऱ्या कोटात, लादीवर वाकलेली, ओठ किंचित दुमडलेले. मग तिच्या वडिलांनी तिला परीक्षेला बसवलं आणि ती पासही झाली. सरकारी नोकरी, घरापासून पायी दहा मिनिटं; नको म्हणायला तोंड कुठून आणायचं? ती गेली. रिकाम्या खोलीसाठी मास्तरांनी माझं नाव दिलं. "हात सुके रवतत थंय," एवढंच कारण सांगितलं. कारखाना बदलला, एसी बदलले, पण तेव्हापासून आजतागायत मी अशाच एका काचेच्या खोलीत बसून जगाची चूक किती, ते मोजते आहे. दिवसातून कितीदा तरी काचेबाहेर बघते. तिथे कुणी उभं नसतं.

हे सगळं आठवायला तेजलचे हात पुरे होते, पण या भाद्रपदाने आणखी एक केलं. गावठाणातल्या घराच्या कागदासाठी मी परवा बेलापूरच्या सीबीडीत एका सरकारी कचेरीत गेले. रांगेत अर्धा तास काढून खिडकीशी पोचले तर आत शुभदा. केस पिकलेले, वेणीच्या जागी अंबाडा. त्यातलाही एक केस इकडचा तिकडे नाही.

"रंजू!"

"अगंबाई! तू इथे?"

"मी इथेच की. तू सांग. अजून खोलीतच?"

"खोलीतच."

मग ती विचारत सुटली. लादी अजून ग्रॅनाइटचीच का? आता कॉम्प्युटर मोजतो म्हणे, तो कितीपर्यंत मोजतो? दाराची रबरपट्टी आधीसारखी निसटते का? सकाळी आत गेल्या गेल्या तो वास येतो का, गार लोखंडाचा? माझा कागद तिच्या हाताखाली तसाच पडलेला.

मागून एक आजोबा करवादले, "ओ मॅडम, गप्पा घरी मारा ना! आमी काय इथे मुक्कामाला आलोय काय?"

"एक मिनिट हं काका," असं म्हणत तिने कागदावर शिक्का मारला, चौकटीत बरोब्बर मधोमध, चारी बाजूंना सारखी जागा सोडून. मग तो हाताने उगाचच सपाट करत राहिली.

मी म्हटलं, "ये ना एकदा. पास काढून ठेवते तुझा. बघून जा."

तिने मान हलवली. "नको गं."

"का? मेट्रोने अर्धा तास."

"आत जाऊन आले तर परत या खुर्चीत बसणं व्हायचं नाही." कागद खिडकीतून पुढे सरकवला आणि वर बघितलं. "जळते मी तुझ्यावर. कधीपासूनची." हे ती काहीच न लपवता म्हणाली, आकडा वाचून दाखवावा तसं. मग माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "हां, पुढे या काका."

मी बाजूला झाले. जिना उतरले. ज्या बाईवर मी उभी हयात जळले, ती माझ्यावर जळत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. खोटं कशाला बोलू, भरपूर झाला. मेट्रोच्या जिन्यापर्यंत पुरला.